मिक्स्ड डबल्स क्विझमध्ये अनोळखी पार्टनरबरोबर उतरावं का? लेखी, पाउन्स, बझर असं सगळंच असेल तर तयारी कशी करावी?

उतरा की! फक्त पाउन्सची (पाळी दुसऱ्या टीमची असताना आपलं उत्तर आधीच लिहून द्यायचं, चुकलं तर गुण जातात) चिठ्ठी कोण लिहिणार आणि ती द्यायची की नाही हे कोण ठरवणार, एवढं स्टेजवर चढण्याआधी बोलून घ्या. बाकी ओळखबिळख प्रिलिम्सच्या, म्हणजे लेखी चाळणीच्या, अर्ध्या तासात होतेच.

मी कॉलेजात असताना पुण्यातल्या एका क्विझला 'टीममध्ये एक मुलगा, एक मुलगी' असा नियम होता. आमच्या एका सीनियरला ऐनवेळी मुलगी हवी होती, म्हणून मी. "अक्षर बरंय ना? मग तू लिही." झाली माझी निवड. प्रिलिम्स निघाली. फायनलला इन्फिनिट बाउन्स (एका टीमला आलं नाही की प्रश्न पुढच्या टीमकडे), पाउन्सला +10, चुकला तर −5.

एका स्लाइडवर नारिंगी, खडबडीत जमीन. 'शुक्रावरच्या या विवराचं नाव जोशी. कोणावरून?' मी चिठ्ठीवर 'डॉ. आनंदीबाई' लिहूनसुद्धा टाकलं. शुक्रावरच्या विवरांना बायकांचीच नावं देतात; 20 किलोमीटरपेक्षा मोठी असली तर कर्तबगार बायकांची, लहान असली तर नुसती मुलींची नावं. साहेबांनी चिठ्ठीवर पंजा ठेवला. "थांब, हा सायन्सचा आहे. कोणीतरी खगोलशास्त्रज्ञ असणार." मी नियम सांगितला तर म्हणे, "मग तिथे मॅक्सवेल पर्वत कसा? तो काय बाई होता?" मॅक्सवेल हा त्या नियमाचा प्रसिद्ध अपवाद, नियम ठरायच्या आधीचं नाव. हे पटवेपर्यंत पाउन्स बंद! दोन टीमना दहा-दहा मिळाले, बाउन्स आमच्या अलीकडच्या टीमवरच थांबला. दुसरा नंबर पाच गुणांनी हुकला.

अजूनही विषय निघाला की त्याचं तेच, "निगेटिव्ह होतं, रिस्क कशाला?" अरे, +10 आणि −5 असताना उत्तर तीनात एकदा बरोबर येणार असेल तरी पाउन्स आतबट्ट्याचा होत नाही. इथे तर उत्तर लिहून तुझ्या हाताखाली होतं.

म्हणून 'सायन्स तुझं, साहित्य माझं' ही वाटणी मुळात करूच नका. चांगला प्रश्न विषय बघून येत नाही. आणि टीममध्ये एक मुलगी हवी, हा नियम बरा आहे. त्याच्याशिवाय मला त्या दिवशी कोणी विचारलं नसतं. पण तिला लेखनिक म्हणून बसवायचं असेल तर नियम कागदावरच राहिला.

तयारीचं म्हणाल तर लेखीत एकही जागा कोरी सोडू नका आणि चांदणी केलेल्या स्टार प्रश्नांवर जास्त वेळ घाला, गुण सारखे झाले तर टाय तिथेच सुटतो. बझर मला आवडत नाही. ज्याचा हात चपळ तो शहाणा ठरतो. जुने सेट दोघांनी मिळून, मोठ्याने बोलत सोडवा. पार्टनरची कटकटच नको असेल तर कर्नाटक क्विझ असोसिएशनची महाक्विझर आहे. 150 प्रश्न, 90 मिनिटं, एकट्याने. मला तीच मानवते.

हो, पाउन्सचा तो हिशोब −5 चाच आहे. −10 असेल तर निम्म्याहून जास्त खात्री हवी. प्रश्न डायरेक्ट तुमच्याकडे असेल, म्हणजे पहिली पाळी तुमचीच असेल, तर पाउन्स करायचाच नाही, चुकलात तरी काही जात नाही. काही ठिकाणी डायरेक्टलाही निगेटिव्ह ठेवतात, ते क्विझमास्तरला आधीच विचारा.