वाचक विचारतात: सामनला शेपटीजवळचा पर का नाही?

प्रश्न: सिएटलला मुलीकडे गेलो असताना बॅलार्ड भागात, माशांच्या वाटेला लावलेल्या काचेतून सामन मासे पाहिले. हॅचरीत (अंडी उबवून मासे वाढवायच्या केंद्रात) इतकी पिल्लं वाढवून सोडतात, मग रानटी सामनसाठी वॉशिंग्टन राज्याची वेगळी योजना कशाला? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर: त्या काचेला मीही तासभर नाक लावून उभा होतो. ‘बांगड्याकडे कधी एवढं पाहिलं नाहीत,’ ही बायकोची टिप्पणी. पाठीवरचा पर आणि शेपटी यांच्यामध्ये एक चिमुकला मांसल पर असतो. हॅचरीच्या बहुतेक पिल्लांचा तो कापतात, म्हणजे मोठे होऊन समुद्रातून नदीत परतताना ओळख पटते. हॅचरीच्या हौदात वाढलेल्यांची ओढ्यातली जगण्याची ताकद पिढ्यान्‌पिढ्या घटते. रानटी वाण टिकवायचा तर नदीच दुरुस्त करावी लागते.

म्हणून वॉशिंग्टन राज्याने 1998मध्ये कायदा केला: कामं खोऱ्यातल्या स्थानिक गटांनी सुचवायची, पैसा बराचसा सरकारी. सगळ्यात कंटाळवाणं काम रस्त्याखालच्या मोऱ्यांचं. मोरीचं तोंड ओढ्यापेक्षा हातभर वर राहिलं की मासा अडलाच! या मोऱ्यांवरून आदिवासी जमातींनी राज्याला कोर्टात खेचलं. 2018मध्ये सुप्रीम कोर्टातही राज्य हरलं.

याच राज्यातल्या एल्वा नदीवरची, सामनची वाट अडवणारी दोन धरणं मात्र संघराज्य सरकारने 2014पर्यंत पाडली. पुढच्या खेपेस तिकडे जा, सप्टेंबरात.