पडलेल्या सायकलचं कार्बन हँडल घाटात चालेल का?

भाऊ, तुमचा प्रश्न असा: जळगावात सेकंडहँड रोड बाईक घेतली, आधीच्या मालकाकडे ती एकदा पडलेली आहे, कार्बन हँडलवर स्टेमला (हँडल मधोमध धरून ठेवणाऱ्या तुकड्याला) लागून ओरखडा आहे आणि रविवारी चाळीसगावहून कन्नड घाट करायचाय. जाऊ का? घाट जरूर करा, पण त्या हँडलवर नको.

कार्बन कमजोर असतो असं नाही. वजनाच्या मानाने तो स्टीलपेक्षाही मजबूत असतो. पण स्टील बहुतेक वेळा तुटायच्या आधी वाकतं, आवाज करतं, सावध करतं. कार्बनमध्ये तंतूंचे थर इपॉक्सी रेझिनने चिकटवलेले असतात. मार बसला की आतले थर सुटू शकतात, वरचा रंग मात्र जशाचा तसा. मग पुढे कधीतरी साध्या खड्ड्यात हँडल एकदम तुटतं. फ्रेमला तडा गेला तर अनेकदा थांबायला वेळ मिळतो. हँडल किंवा फोर्कचा (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याचा) स्टिअरर, म्हणजे स्टेम बसते ती वरची नळी, तुटली तर माणूस सरळ तोंडावर आपटतो. मार खाल्लेल्या धातूचाही भरवसा नसतो. २००६ च्या पॅरिस-रूबे या फ्रान्समधल्या सायकल शर्यतीत अमेरिकन सायकलपटू जॉर्ज हिंकॅपीचा स्टिअरर तुटला तो अ‍ॅल्युमिनियमचा होता, आणि त्याच शर्यतीत तो आधी एकदा पडला होता.

ओरखडा नेमका स्टेमजवळ आहे, याचीच मला जास्त काळजी वाटते. सर्वांत जास्त ताण तिथेच येतो. स्टेमचे बोल्ट काढा, टेप सोडा, हँडल पुसून उन्हात तिरकं धरा. ओरखड्यावरून नख फिरवा. नख अडकलं, तंतू दिसले किंवा दाबल्यावर जागा मऊ लागली, तर ते हँडल भंगारात. नाण्याने ठोकत गेल्यावर एखाद्या जागी आवाज बद्द झाला तरी तेच. मात्र या तपासणीत काही सापडलं नाही म्हणून हँडल ठणठणीत आहे असं धरू नका.

आपल्याकडचे कारागीर हाताने चांगले आहेत, पण हात स्टीलवर बसलेला. बोल्ट हलेना होईपर्यंत आवळतात. कार्बन त्यानेच चिरडतो. बऱ्याच स्टेमवर ५ एनएम (न्यूटन-मीटर, बोल्ट किती जोराने आवळायचा त्याचं माप) असं छापलेलं असतं. तेवढंच, तेही टॉर्क रेंचने (किती जोर लागतोय ते दाखवणाऱ्या पान्याने), बोल्ट आलटून पालटून. ग्रीस नको, कार्बन पेस्ट (हँडल घसरू न देणारी खरखरीत पेस्ट) लावा.

आपल्या ४५ अंशांच्या उन्हाला घाबरू नका, त्याने रेझिन वितळत नाही. पण रिमही कार्बनच्या आणि ब्रेक रिमवरचे असतील, तर उतारावर ब्रेक सतत दाबून धरू नका. रिम तापून थर सुटतात. दाबा, सोडा, दाबा.

रविवारसाठी त्याच मापाचं साधं अ‍ॅल्युमिनियमचं नवं हँडल बसवा. शंभर-दीडशे ग्रॅम वाढतील, वाढू द्या. आणि हँडल बदलतानाच फोर्क खाली उतरवून स्टिअररवर स्टेम बसते ती जागा बघून घ्या. आडवी बारीक रेघ दिसली तर फोटो इथे टाका, मी बघून सांगतो. तोवर सायकल घराबाहेर काढू नका.