‘जुना खासगी संग्रह’ लिहू का?

प्रश्न : मी इतिहासात बीए करते आहे. सध्या एका संग्रहालयात इंटर्नशिप चालू आहे, जुन्या नोंदवह्या संगणकावर चढवण्याची. नऊ मूर्तींपुढे ‘कोठून व कशी मिळाली’ हा रकाना कोराच आहे. वरिष्ठ म्हणाले, ‘जुना खासगी संग्रह लिहून टाक.’ मी अजून लिहिलेलं नाही. पण हा सगळा चोरीचाच माल असेल, तर संग्रहालयशास्त्राला जाऊ की नको?

उत्तर : रकाना कोरा ठेवलास ते बरं केलंस. पण वरिष्ठांना लगेच चोर ठरवू नकोस. देणगी आली, पावती हरवली, नोंदवणारा निवृत्त झाला. पुष्कळदा प्रकरण एवढंच असतं. घोटाळा होतो तो रिकाम्या जागी काहीतरी बरं दिसणारं भरल्यावर.

आणि हे तीन शब्द या क्षेत्रात चांगलेच बदनाम आहेत. ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल गॅलरीने २००८ मध्ये चोळकालीन नटराज सुमारे ५० लाख अमेरिकी डॉलरना घेतला. सोबत जुन्या मालकीचे कागद होते. मूर्ती मात्र तमिळनाडूतल्या श्रीपुरंदनच्या देवळातून चोरलेली. ती देवळातच असतानाचा फोटो पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेकडे निघाला आणि कागद खोटे ठरले. २०१४ मध्ये नटराज परत आला. गॅलरीतल्या कुणी देऊळ फोडलं नव्हतं; त्यांना कागद पुरेसे वाटले, इतकंच.

कंटाळवाणी डेटा एंट्री म्हणून या कामाला नाकं मुरडू नकोस, हेही सांगतो. ब्रिटिश म्युझियममधून सुमारे २००० वस्तू गहाळ, चोरीला किंवा खराब झाल्याचं २०२३ मध्ये उघड झालं. त्यातल्या बऱ्याच वस्तूंची धड नोंदच नव्हती. नोंदच नाही, तर गेलं काय हे कळणार कसं? संचालकांना पद सोडावं लागलं.

तेव्हा रकान्यात लिही : ‘प्राप्तीची नोंद उपलब्ध नाही’, खाली तारीख आणि तुझं नाव. मूळ वहीत खाडाखोड नको. वरिष्ठांना दोन ओळींचा ईमेल कर : ‘सर, खासगी संग्रहाचा काही आधार सापडला तर तसं नोंदवते.’ इंटर्नने याहून मोठी लढाई अंगावर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता करिअरचं. पेच पुढेही येतील : मानवी सांगाडे मांडावेत का, कुणाच्या पैशाने दालन बांधावं. कधी तुला वस्तू परत द्यावीशी वाटेल आणि कायदा आड येईल. ब्रिटिश म्युझियमचे हात १९६३ च्या कायद्याने असेच बांधलेले आहेत. जागाही कमी निघतात, हे लपवत नाही. पण वस्तूचा मालकी-इतिहास शोधणं, ज्याला प्रॉव्हेनन्स म्हणतात, हे आता स्वतंत्र काम झालं आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने २०२३ मध्ये त्यासाठीचं पथक वाढवायचं जाहीर केलं. तुला हेच जमेल असं पत्रावरून वाटतं. संग्रहालयशास्त्रात एमए कर, जोडीला एक जुनी लिपी आणि पुरावस्तू कायदा शीक.

आणि इंटर्नशिप संपायच्या आत त्या मूर्ती नोंदल्या गेल्या त्या वर्षांच्या आवक-जावक फायली मागून बघ. नऊपैकी एखाद्या मूर्तीची पावती तिथेच अडकलेली असू शकते.