फाइल तुझ्याजवळ असू दे

पत्र : "मी २३ वर्षांची, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची एसएस पेशंट, म्हणजे आई-बाबा दोघांकडूनही दोष आलेली. धानाच्या रोवणीला मला नेत नाहीत. गोळ्या आई मोजून देते, डॉक्टरांशी दादा बोलतो. ब्रह्मपुरीला कम्प्युटर क्लास लावायचा होता, तर 'एसटीत दुखलं म्हणजे?' म्हणून नाही म्हणाले. आता स्थळ आलं आहे. दुखणं सांगायचं नाही, असं घरात ठरलं. मला विचारलंसुद्धा नाही. कोणाशी भांडू?"
— चंद्रपूर जिल्ह्यातून एक वाचक

पोरी, रोवणीच्या बाबतीत मी तुझ्या आईच्या बाजूची. दिवसभर बांधीत वाकायचं, पावसात भिजायचं, पाणी प्यायलाही सवड नाही. तुझं दुखणं उठवायला एवढं पुरे. पण रोवणी झेपत नाही म्हणून क्लासही झेपणार नाही, हा हिशोब कुठला?

भांडण फाइलपासून सुरू कर. पुढच्या तारखेला डॉक्टरांसमोर तू बस, दादाला बाहेरच्या बाकावर बसू दे. हिमोग्लोबिन किती, हायड्रॉक्सियुरिया या तुझ्या गोळीचा डोस किती, रक्त कधी तपासलं, हे तुला तोंडपाठ हवं. गोळ्यांची डबीही तुझ्याकडे. मग मात्र गोळी चुकवायची नाही. ताप आला, छातीत दुखलं, दम लागला तर तासभरही दडवायचं नाही. एकदा दडवलंस की डबी परत आईच्या कपाटात, आणि तेव्हा मी तिला दोष देणार नाही.

स्थळाच्या बाबतीत हटून बस. सासरी चोरून गोळ्या किती दिवस घेशील? पाणी भरताना कळ आली तर काय सांगशील? मूल हवं असेल तर हायड्रॉक्सियुरियाचं काय करायचं, ते दिवस राहण्याआधीच डॉक्टरांना विचारावं लागतं. नवऱ्याला ठाऊकच नसेल तर हे जमणार कसं? त्याचीही तपासणी हवी. तो वाहक, म्हणजे एएस (एकाच बाजूनं दोष आलेला, स्वतः रुग्ण नसलेला), निघाला तर दर खेपेला मूल एसएस होण्याची शक्यता ५० टक्के. एए, म्हणजे दोष नसलेला, असेल तर मुलं वाहक होतील, सिकलसेलची रुग्ण नाही. हे पाहून हो की नाही ते तुम्ही दोघांनी ठरवायचं.

आणखी एक. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आहे. लग्नात आडवा येईल म्हणून दिव्यांगत्वाचा दाखला काढायचा टाळतात घरचे. तू अर्ज कर, स्वतःच्या सहीनं.

दादाला सांग, "पाहुण्यांशी मी बोलते, तू सोबत बस." ऐकत नसेल तर आशाताईला घरी बोलाव, मुलगी बोलली की आगाऊपणा, आशाताई बोलली की सल्ला, अशी आपल्याकडची तऱ्हा. स्थळ मोडलं तर मोडू दे. क्लासची फी किती आहे, ते मात्र या आठवड्यातच विचारून ये.