छायाचित्रावरून प्रवाळातील शैवाल मोजता येते का?

प्रश्न : पाणी तापले की प्रवाळ पांढरे पडतात, असे वाचले आहे. त्यांच्यातील शैवाल किती घटले हे नुसत्या छायाचित्रावरून सांगता येते, की त्यासाठी प्रवाळाचा तुकडा तोडावाच लागतो?

उत्तर : सांगता येते, मात्र कॅमेरा शैवाल मोजत नाही, तो केवळ उजेड मोजतो, हे आधी ध्यानात घ्यावे. प्रवाळाच्या ऊतींत राहणारे सूक्ष्म सहजीवी शैवाल एका चौरस सेंटिमीटरमध्ये सुमारे दहा लाखांच्या घरात असते. त्यातील हरितद्रव्य लाल प्रकाश शोषून घेते, म्हणून निरोगी प्रवाळ लाल प्रकाशात गडद दिसतो. शैवाल निघून गेले की पारदर्शक ऊतींखालचा चुनखडीचा पांढरा सांगाडा तोच प्रकाश परत फेकू लागतो. यामुळे अंकीय छायाचित्रातील लाल, हिरव्या आणि निळ्या मूल्यांपैकी लाल मूल्य सर्वांत उपयोगी ठरते. हिरव्या-निळ्या भागात प्रवाळाची स्वतःची रंगद्रव्येही मिसळतात आणि घोटाळा करतात.

अडचण पाण्याची आहे. पाणी लाल प्रकाशच सर्वाधिक गिळते, त्यामुळे तोच प्रवाळ पाच मीटरवर आणि दहा मीटरवर टिपला तर दोन वेगळे आकडे मिळतात. यावर उपाय म्हणजे ज्ञात छटांची पट्टी प्रवाळाला लागून, कॅमेऱ्यापासून तितक्याच अंतरावर आणि तशाच उजेडात ठेवून दोन्ही एकाच चौकटीत टिपणे. पट्टी हातभर पुढे धरली किंवा तिच्यावर पाणबुड्याची सावली पडली, तर पुढचे सारे गणित व्यर्थ जाते. कॅमेऱ्याने स्वतःहून रंग 'सुधारलेले' चित्र देखणे असते, पण मोजमापाला ते घातक; शक्यतो रॉ स्वरूपातील, म्हणजे कॅमेऱ्याने काहीही फेरफार न केलेले चित्रच वापरावे.

कॅमेरा नसला तरी काम अडत नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंड विद्यापीठात तयार झालेल्या 'कोरल हेल्थ चार्ट' या रंगपट्टीवर प्रत्येक रंगाच्या फिकट ते गडद अशा सहा पायऱ्या आहेत. एकाच वसाहतीचा (एकमेकांना जोडून वाढलेल्या प्रवाळजीवांच्या समूहाचा) रंग दोन पायऱ्यांनी उतरला, तर शैवालाची किंवा हरितद्रव्याची लक्षणीय घट झाली असे मानतात.

तुकडा तोडण्याची गरज मात्र पूर्णपणे टळत नाही. लाल मूल्याचा अर्थ ठरवण्यासाठी प्रत्येक जातीच्या थोड्या नमुन्यांवरील ऊती हवेच्या झोताने सोडवून पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजाव्या लागतात, हरितद्रव्य ॲसिटोनमध्ये उतरवून तपासावे लागते आणि मग त्या आकड्यांशी छायाचित्रांचा मेळ घालावा लागतो. एकदा हा मेळ बसला की त्याच वसाहती न दुखावता पुन्हापुन्हा टिपता येतात, आणि माझ्या मते या पद्धतीचे खरे मोल त्यातच आहे. एकट्या चित्रावरून पेशींची संख्या घटली की प्रत्येक पेशीतील हरितद्रव्य, हे कळत नाही. शिवाय शैवाल दाट असताना थोडी घट रंगात जवळजवळ उमटत नाही.

सर्वांत फसवा प्रसंग प्रवाळ मेल्यानंतर येतो. मेलेल्या प्रवाळाच्या सांगाड्यावर थोड्याच दिवसांत बाहेरचे तंतुमय शैवाल चढते, तो पुन्हा तपकिरी होतो आणि लाल मूल्य प्रवाळ सावरल्याची ग्वाही देते. म्हणून आकड्यांसोबत जवळून टिपलेले, जिवंत पॉलिप (वसाहतीतील एकेक प्रवाळजीव) ओळखू येतील असे एक चित्र दर खेपेला ठेवावेच.