इब्सेन आणि स्ट्रिंडबर्गनंतर डेन्मार्कमधला कोणता नाटककार वाचावा?

इब्सेन नॉर्वेचा, स्ट्रिंडबर्ग स्वीडनचा. दोघे वाचून झाले, आता डेन्मार्कमधलं कोण वाचू, असा तुमचा प्रश्न. माझ्या मते केल आबेल (१९०१–१९६१).

जन्म डेन्मार्कमधल्या रीबे गावचा, शिक्षण राज्यशास्त्राचं, आणि पोटापाण्याला धरलं नेपथ्य! पॅरिस-लंडनमध्ये काम केल्यावर १९३०-३१च्या सुमारास कोपनहेगनच्या रॉयल थिएटरमध्ये त्याने नृत्यदिग्दर्शक बालांशिनच्या बॅलेंचं नेपथ्य केलं. हे लक्षात ठेवूनच त्याची नाटकं वाचा. त्याला आधी रंगमंच दिसतो, संवाद मागून येतात. १९३५च्या पहिल्याच गाजलेल्या नाटकात लार्सन नावाच्या कारकुनाच्या आयुष्यातली धून हरवते आणि ती गोष्ट गाणी नि छोट्या छोट्या प्रवेशांतून पुढे सरकते. पुढच्या वर्षीच्या नाटकात तर चित्रातली ईव्ह खाली उतरते. ती जन्मली तीच मोठी, तेव्हा राहून गेलेलं बालपण आता एका सुखवस्तू घरात उरकायचं!

दिवाणखानी नाटकाशी त्याचं वाकडं होतं. गंमत म्हणजे त्याचं मला सर्वांत आवडणारं नाटक, १९३९चं 'आना सोफी हेडविग', घडतं दिवाणखान्यातच. गावाकडची अविवाहित शिक्षिका कोपनहेगनच्या श्रीमंत नातेवाइकांकडे येते. युद्धाच्या, हिंसेच्या गप्पा चाललेल्या असताना कळतं, की या गरीब गायीने शाळेतल्या एका जुलमी सहकारी बाईचा खून केलाय. ती बाई मुख्याध्यापिका होणार होती म्हणून. शेवटी आबेल दिवाणखाना मोडूनच टाकतो: आना सोफी स्पेनच्या यादवी युद्धातल्या, मृत्युदंड झालेल्या सैनिकाशेजारी उभी. हिटलर दाराशी आलेला असताना हे कोपनहेगनमध्ये दाखवणं सोपं नव्हतं.

आणि बुवा नुसता लिहून थांबला नाही. जानेवारी १९४४मध्ये डॅनिश नाटककार काइ मुंक यांचा डेन्मार्क बळकावून बसलेल्या जर्मनांनी खून केला, तेव्हा आबेलने रॉयल थिएटरमध्ये चालू प्रयोग थांबवून प्रेक्षकांना त्यांना आदरांजली वाहायला लावली. मग भूमिगत झाला.

युद्धानंतरचं १९४७चं 'ढगावरचे दिवस' अणुबॉम्बच्या सावलीतलं: विमानातून पडणारा शास्त्रज्ञ, न उघडलेलं पॅराशूट, आणि मधल्या क्षणांत सगळं नाटक. कल्पना झकास, पण प्रतीकं जरा जास्तच झाली. उत्तरार्धातल्या बऱ्याच नाटकांचं तेच झालंय, म्हणून ती घाईने हातात घेऊ नका. 'आना सोफी'पासून सुरुवात करा, तिचं इंग्रजी भाषांतर झालेलं आहे.