दुकान कंपनीचं की फ्रँचायझीचं?

प्रश्न: मी ऐरोलीला राहते, बीएमएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन ऑफर आल्यात. एक सुपरमार्केट साखळीत स्टोअर ट्रेनीची, दुसरी पॅथॉलॉजी लॅबच्या फ्रँचायझी विभागाची. बाबा म्हणतात, जी कंपनी स्वतःच्या पैशानं सेंटर काढत नाही तिचा काय भरवसा?

उत्तर: बाबांची काळजी रास्त आहे, पण मालकीवरून कंपनीचा दम कळत नाही. मॅकडोनाल्ड्सची जगभरातली सुमारे ९५ टक्के रेस्टॉरंट फ्रँचायझी चालवतात, म्हणजे कंपनीचं नाव घेऊन स्वतःचे पैसे घालणारे वेगळे मालक. डीमार्टनं २००२ साली पवईत सुरुवात केली आणि आजही दुकानं स्वतःच चालवतं, जमेल तिथे जागासुद्धा विकत घेऊन. किराण्यात मार्जिन इतकं कमी, की दुसऱ्या मालकाचा वाटा काढायला जागाच उरत नाही.

लॅबचं गणित वेगळं. तपासणीची मशिनं आणि रिपोर्टवरची डॉक्टरांची सही कंपनी सहसा स्वतःकडे ठेवते. सोसायटीखालच्या गाळ्यातलं कलेक्शन सेंटर मात्र स्थानिक माणसाला देते. सकाळी वेळेवर शटर उघडणं, उपाशीपोटी आलेल्या आजोबांना ताटकळत न ठेवणं, हे ज्याचे स्वतःचे पैसे अडकलेत तो जास्त मनापासून करतो. शिवाय गाळ्याचं डिपॉझिट आणि फर्निचर त्याच्या खिशातून होतं, त्यामुळे सेंटरं भराभर वाढतात. पण ट्यूबवर चुकीचं नाव चिकटलं किंवा सॅम्पल थंड पेटीत न ठेवता तसंच राहिलं, तर बदनामी ब्रँडची होते. ते होऊ न देणं हेच तुझं काम असेल, आणि तिथे हुकूम चालत नाही. सेंटरवाला तुमचा नोकर नसतो. आपल्याकडे फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. भिस्त मुख्यतः करारावर, म्हणजे १८७२ च्या करार कायद्यावर. करारातलं कलम आणि समजावण्याची हातोटी, एवढंच तुझ्या हाती.

म्हणून माझा कल आधी सुपरमार्केटकडे आहे. वर्ष-दोन वर्षं माल उतरवून घे, स्टॉक मोज, रात्री गल्ल्याचा हिशोब जुळव. आयुष्यभराची पुंजी सेंटरमध्ये घातलेला बाबांच्या वयाचा माणूस, स्वतः कधी काउंटरवर न बसलेल्या मुलीचं का ऐकेल?

फक्त नकार कळवण्याआधी लॅबच्या एचआरला विचार, पहिले काही महिने त्यांच्या स्वतःच्या सेंटरवर बसवतील का. तसं लेखी देत असतील, तर लॅबच घे.